बोटीवरच्यांचा संत

शेजारच्या आंटींचा मुलगा बोटीवर असतो. सहा-आठ महिने समुद्रात, मग दोन-तीन महिने नाना पेठेत. गेल्या पावसाळ्यात त्याची बोट नागासाकीला लागली, तेव्हा तिथून त्याने आईला एक फोटो पाठवला. टेकडीवर एक लांब दगडी भिंत, भिंतीवर एका रांगेत ब्राँझमध्ये घडवलेली माणसं, पाय अधांतरी. त्यात तीन लहान मुलंही. बोटीवरचा फिलिपिनो बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, त्याला मुद्दाम तिथे घेऊन गेला होता. फोटोखाली एवढंच लिहिलं होतं: मम्मी, ह्यातला एक आपल्या वसईचा आहे.

आंटी फोन घेऊन तडक माझ्याकडे आल्या. ‘‘अगं, वसईचा संत, तो जपानात? आणि मला हे मनिलाच्या माणसाकडून कळावं?’’

त्यांची तक्रार रास्त होती. त्यांच्या घरच्या वेदीवर वेलंकनी माता आहे, ती तामिळनाडूच्या किनाऱ्यावरची. सेंट अँथनी आहे, तो लिस्बनमध्ये जन्मलेला. फ्रान्सिस झेवियर आहे, तो स्पेनमधल्या नवाराचा, पण आंटींचं माहेर गोव्याचं, त्यामुळे तो त्यांच्या लेखी घरचाच. ज्याचं गाव पुण्याहून एका दिवसात गाठून परत येता येईल, त्याची तसबीर मात्र तिथे नव्हती. त्याचं नाव संत गोन्सालो गार्सिया. भारतात जन्मून कॅथलिक चर्चच्या संतांच्या यादीत गेलेला तो पहिला माणूस.

नाना पेठेत ‘संत’ म्हटलं की आधी आठवते पालखी. तुकोबांची पालखी पुण्यात मुक्कामाला येते ती इथल्या निवडुंग्या विठोबाच्या देवळात, आणि ज्ञानोबांची शेजारच्या भवानी पेठेत. त्या दोन रात्री पेठेतल्या गल्ल्यांतून टाळांखेरीज काही ऐकू येत नाही. आणि याच पेठेत, क्वार्टर गेटजवळ, पुण्यातलं सर्वांत जुनं कॅथलिक चर्च आहे. सगळे त्याला सिटी चर्च म्हणतात. पेशव्यांच्या फौजेत गोव्याकडचे ख्रिस्ती शिपाई आणि अधिकारी होते. त्यांच्यापैकी दोम मिगेल दे नोरोन्या या अधिकाऱ्याच्या पुढाकाराने १७९२ साली सवाई माधवरावांनी प्रार्थनास्थळासाठी जमीन दिली. पेशवे तेव्हा अठरा वर्षांचे होते, कारभार नाना फडणवीसांच्या हाती होता, आणि ही पेठही नानांच्याच नावाची. चर्च निष्कलंक मारियेला वाहिलेलं आहे. तिचा सण ८ डिसेंबरला येतो.

पुण्याला पुढे जो तो आपापला संत घेऊन आला. कॅम्पाच्या टोकाला १८५० साली उभं राहिलेलं सेंट पॅट्रिक्स हे आयरिश पलटणीतल्या सैनिकांचं. त्यांनी पगारातून वर्गणी काढली आणि आपला पॅट्रिक इथे आणला. तामिळ कुटुंबांनी वेलंकनी माता आणली. आता ऑगस्टच्या अखेरीपासून ८ सप्टेंबरपर्यंत तिच्या नोव्हेनाला, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेला, केशरी साड्या आणि मोगऱ्याच्या माळा दिसतात. गोवेकरांचा झेवियर तर आधीपासून होताच. वसईहून पुण्याला आले ते बिशप थॉमस डाबरे. ते वसईचे पहिले बिशप, आणि २००९ ते २०२३ पर्यंत पुण्याचे. तुकारामांच्या ईश्वरानुभवावर त्यांचा प्रबंध आहे. तुकोबांच्या मुक्कामाची पेठ ज्या शहरात आहे त्या शहराला असा बिशप मिळावा, ही मला फार चांगली गोष्ट वाटते. तरीही गोन्सालो काही आंटींच्या वेदीपर्यंत आला नव्हता.

‘‘मग आपणच जाऊन येऊ,’’ आंटी म्हणाल्या. ‘‘पण बुधवारी. जाताना माहीमला उतरायचं.’’

जानेवारीतला दुसरा बुधवार. पहाटेच्या अंधारात पुणे स्टेशनावर सिंहगड एक्सप्रेस पकडली. आंटींच्या पिशवीत चपात्या, एक शाल, जपमाळ आणि मेणबत्त्यांचा पुडा. खंडाळ्याच्या घाटात उजाडलं. दादरला उतरून पुलावरून पश्चिम रेल्वेकडे आलो आणि धीम्या लोकलने माहीम गाठलं.

बुधवारच्या माहीमला रस्ता विचारावा लागत नाही, गर्दीच नेऊन पोचवते. सेंट मायकल चर्चमध्ये दर बुधवारी निरंतर साहाय्य मातेचा नोव्हेना असतो. ८ सप्टेंबर १९४८ रोजी तो सुरू झाला. इथल्या एका धर्मगुरूंनी बेलफास्टमध्ये अशी प्रार्थना पाहिली आणि ती माहीमला आणली. नऊ बुधवार यायचं, मागणं मागायचं, पुरं झालं की परत येऊन आभार मानायचे. रांगेत बुरखा होता, टिळा होता, मंगळसूत्र होतं, शाळेचा गणवेश होता. आत निरनिराळ्या भाषांत प्रार्थना होतात आणि भक्तांनी लिहून टाकलेल्या आभाराच्या चिठ्ठ्या वाचल्या जातात: नोकरी लागली, गाठ साधी निघाली, मुलगी बोलायला लागली.

हेच १९४८ साल मनिलातही महत्त्वाचं आहे. तिथल्या बाकलारानमध्ये याच मातेचा बुधवारचा नोव्हेना त्याच वर्षी, २३ जूनला सुरू झाला. माहीमच्या अडीच महिने आधी. आज बाकलारानला बुधवारी एवढे लोक लोटतात की रस्त्यांवरची वाहतूक त्या दिवसाच्या हिशेबाने चालते. दोन्ही ठिकाणची मूळ तसबीर एकच, रोममध्ये असलेली. तिथेही चिठ्ठ्या येतात, आणि त्यांतही परदेशात मिळालेल्या नोकऱ्या, बोटीवरून सुखरूप आलेले नवरे, परीक्षा आणि आजार हेच असतं. फिलिपिनो लोक या देवाणघेवाणीला पानाता म्हणतात. मराठीत तिला नवस म्हणतात, आणि मला दोन्हींत काडीचा फरक दिसत नाही. आंटींच्या मुलाला बोसनने ९ जानेवारीचा एक व्हिडिओ दाखवला होता. मनिलाच्या कियापो भागात काळ्या नाझरेथकराची, म्हणजे क्रूस खांद्यावर घेतलेल्या सावळ्या येशूची, मिरवणूक. ही लाकडी मूर्ती सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मेक्सिकोहून गलबतातून आली. लाखो माणसं अनवाणी, रथाचा दोर एकदा तरी हाताला लागावा म्हणून जीव टाकतात, आणि हातरुमाल वर फेकून मूर्तीला पुसून परत मागतात. तो रुमाल मग घरच्या आजाऱ्याच्या कपाळावर ठेवायचा. बोसनच्या घरी तीन पिढ्यांची पानाता आहे. आंटींनी तो व्हिडिओ पाहिला आणि त्यांना पालखीच्या रथाला हात लावण्यासाठी झटणारी पेठेतलीच माणसं आठवली.

चर्चबाहेर मेणाची दुकानं. मेणाचे हात, पाय, डोळे, हृदय, बाळ, घर. ज्याचं दुखणं असेल तो अवयव विकत घ्यायचा आणि मातेपुढे ठेवायचा. आंटींनी विचारलं, ‘‘बोट आहे का?’’

‘‘बोट नाही, आंटी. विमान आहे.’’

त्या क्षणभर थांबल्या. मग त्यांनी मेणाचं घर घेतलं. ‘‘तो घरी येऊ दे, म्हणजे झालं.’’

विरार लोकलमध्ये बसायला जागा मिळाली आणि आंटींनी मला गोन्सालोची गोष्ट सांगायला लावली. बोरिवली येईपर्यंत अख्खा डबा ऐकत होता असं मला वाटलं.

गोन्सालोचा जन्म १५५६ च्या सुमाराचा. वसई पोर्तुगिजांकडे येऊन वीस-बावीस वर्षं झाली होती. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. वसईच्या किल्ल्यात जेझुइट धर्मगुरूंकडे तो शिकला आणि पंधरा-सोळा वर्षांचा असताना त्यांच्याबरोबर जपानला गेला. पोरगा तल्लख. जपानी भाषा त्याने इतकी चांगली उचलली की आठ वर्षं तो धर्मगुरूंच्या हाताखाली शिकवण्या घेत गावोगाव फिरला. त्याला जेझुइट संघात रीतसर प्रवेश हवा होता. तो मिळाला नाही. तेव्हा त्याने व्यापार धरला, बंदरा-बंदरांतून माल फिरवला, आणि पुढे मनिलाला पोचला.

मनिलात त्याच्या आयुष्याला वळण मिळालं. तिथल्या फ्रान्सिस्कन साधूंनी त्याला आपल्यात घेतलं. तो धर्मगुरू कधीच झाला नाही, साधा बंधू राहिला, झाडलोट आणि सेवा करणारा. पण त्याच्या जिभेवर जपानी होती. १५९३ साली फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरने जपानचा सर्वसत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे शिष्टमंडळ पाठवलं. त्याचा प्रमुख पेद्रो बाउतिस्ता, आणि दुभाष्या वसईचा गोन्सालो. गव्हर्नरचा निरोप जपानच्या दरबारात ज्याच्या तोंडून गेला, त्याच्या पहिल्या शब्दांवर वसईच्या आईचा संस्कार होता, हे मनात आलं की मी अजूनही थबकते.

या साधूंना क्योतोत राहायची परवानगी मिळाली. त्यांनी तिथे चर्च बांधलं आणि कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय उघडलं. तीन वर्षं बरी गेली. मग ऑक्टोबर १५९६ मध्ये मनिलाहून मेक्सिकोच्या आकापुल्को बंदराकडे निघालेलं सान फेलिपे नावाचं गलबत वादळात जपानच्या किनाऱ्यावर फुटलं. त्यातला माल जप्त झाला. स्पेनचा राजा आधी धर्मगुरू पाठवतो आणि मागून सैन्य, असं गलबतावरचा एक अधिकारी बोलून गेल्याचं सांगतात. हिदेयोशीचा संशय अगदी निराधार होता असं म्हणता येणार नाही. वसईकरांना, गोवेकरांना आणि फिलिपिनोंना क्रूस आणि तोफ एकाच गलबतातून आलेली ठाऊक आहे. पण शिक्षा झाली ती कुष्ठरोग्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना. डिसेंबरात धरपकड झाली. क्योतोत डाव्या कानाच्या पाळ्या कापून त्यांना गाड्यांवर घालून शहरातून फिरवलं. मग ऐन थंडीत जवळजवळ महिनाभर नागासाकीपर्यंत चालवत नेलं. निघाले चोवीस, वाटेत दोघे त्यांच्यात सामील करण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर सव्वीसही जणांना क्रूसावर बांधून भाल्यांनी मारलं. सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी जेझुइट, सतरा जपानी सामान्य माणसं. सर्वांत लहान मुलगा बारा वर्षांचा.

‘‘बारा?’’ समोरच्या बाकावरच्या बाईंनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी मांडीवरच्या आपल्या मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि खिडकीबाहेर पाहत राहिल्या. नायगावची खाडी लागली होती.

वसई रोडवरून रिक्षाने किल्ला. बाहेरच्या बाजूला चिमाजी अप्पांचं स्मारक आहे. पुणेकराला वसई म्हटलं की आठवते ती त्यांची १७३९ ची मोहीम. मे महिन्यात किल्ला पडला, पोर्तुगीज निघून गेले. चिमाजी अप्पांनी मोहिमेच्या वेळी वज्रेश्वरीला नवस केला होता, आणि यश आल्यावर देवीचं नवं देऊळ बांधून तो फेडला, ही हकीकत वज्रेश्वरीला गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. पोर्तुगीज अमलात या भागातल्या देवळांचं आणि देवळं मानणाऱ्यांचं काय झालं होतं, हे लक्षात घेतलं की तो नवस किती आतून आला असेल हे कळतं. पुण्यात ओंकारेश्वरापाशी अप्पांची समाधी आहे. मी लहानपणापासून तिच्यापुढे हात जोडत आले, आणि वसईच्या चर्चच्या पडक्या भिंतींसमोर उभी राहून त्या नमस्काराबद्दल मला काही वावगं वाटलं नाही. पण त्या भिंतीही माझ्याच होत्या, हे इतक्या वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.

आत ताडाची झाडं, तटाच्या दगडांत शिरलेली वडाची मुळं, आणि लग्नाआधीचे फोटो काढून घेणारी जोडपी. जेझुइटांच्या चर्चची दर्शनी भिंत अजून उभी आहे. छप्पर नाही, कमानीतून थेट आभाळ दिसतं. इथेच कुठेतरी गोन्सालो अक्षरं गिरवायला शिकला. फ्रान्सिस्कनांच्या सेंट अँथनी चर्चच्या जमिनीत पोर्तुगीज अक्षरं कोरलेले थडग्यांचे दगड आहेत. आंटी त्यांच्यावर पाय पडू नये म्हणून कडेकडेने चालत होत्या. एका दगडावरचं आडनाव त्यांच्या माहेरच्या आडनावासारखं निघालं. त्यांनी वाकून त्यावरची वाळकी पानं बाजूला केली.

वसईच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी नेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात एक आहे, भीमाशंकरला एक, आणि वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर एक, तिच्यावर बाळ घेतलेली मारिया कोरलेली आहे. ज्या नानांच्या मेणवलीत वसईची घंटा टांगली गेली, त्यांच्याच कारभारात, वसई पडल्यानंतर त्रेपन्न वर्षांनी, पुण्यात चर्चला जमीन मिळाली, तीही त्यांच्या पेठेत. हा योग मला एखाद्या उत्तम कथेसारखा वाटतो, आणि इतिहासाच्या कुठल्याच शालेय पुस्तकात तो एका परिच्छेदात मी वाचलेला नाही.

किल्ल्यातून आम्ही उत्तरेकडे निघालो. गास गाव नालासोपाऱ्याहून निर्मळकडे जाणाऱ्या बाजूला आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळी, विहिरी, पालेभाजीचे वाफे, फुलांच्या बागा. मधूनच चार-सहा मजली इमारती उगवलेल्या. हा सामवेदी ख्रिस्ती लोकांचा पट्टा. त्यांची कादोडी बोली मराठीला धरून आहे, जुन्या बायकांचं लाल लुगडं अजून दिसतं, आणि चर्चला इथली माणसं सहज ‘देऊळ’ म्हणतात. आंटींना तो शब्द फार आवडला. रिक्षावाल्याने विचारलं, ‘‘गोन्सालोच्या देवळात ना?’’ तर त्या मागच्या सीटवर सावरून बसल्या, माहेरच्या नावाने कुणी हाक मारावी तशा.

दुपारची वेळ. सणाची गडबड नव्हती. आवारात शांतता, कुठेतरी पंपाचा आवाज. आत थंडावा होता. आंटींनी बाकावर बसून एक पूर्ण जपमाळ म्हटली. मी भिंतीजवळ उभी राहून विचार करत होते की याला संत कुणी केलं. कागदोपत्री उत्तर सरळ आहे. १६२७ साली पोप आठवे अर्बन यांनी या सव्वीस जणांना धन्य घोषित केलं, आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी संत. मधे दोनशे पस्तीस वर्षं गेली. हेच पायस नववे. यांनीच १८५४ साली निष्कलंक मारियेचा सिद्धांत जाहीर केला, तोवर नाना पेठेतलं चर्च तिच्या नावाने साठ वर्षं चालू होतं. यांनीच १८६६ मध्ये निरंतर साहाय्य मातेची तसबीर रोममधल्या एका संघाच्या हवाली केली आणि तिचा प्रसार करायला सांगितलं. सकाळपासून आम्ही जिथे जिथे थांबलो तिथे तिथे या एका पोपची सही होती. पण सही नंतरची. नाना पेठेतल्या गोवेकर शिपायांनी मारियेला हाक मारली तेव्हा सिद्धांत व्हायचा होता. फिलिपिन्समध्येही तसंच. तिथे या मारियेला देशाची रक्षक मानतात, आणि २०१७ च्या कायद्याने ८ डिसेंबरची देशभर सुट्टी मिळाली, पण त्याच्या कितीतरी आधीपासून त्या दिवशी गावोगाव मिरवणुका निघत होत्या.

बाहेर आलो तर सावलीत एक आजी लाल लुगडं नेसून टोपलीतली फुलं निवडत बसल्या होत्या. आंटी शेजारी टेकल्या. ‘‘पुण्याहून आलो,’’ त्यांनी सांगितलं. आजींना त्याचं नवल वाटलं नाही, बरं वाटलं.

‘‘गोन्सालोकडे काय मागायचं असतं?’’ आंटींनी विचारलं. हा प्रश्न मला विचित्र वाटला, पण आंटींसाठी तो फार महत्त्वाचा होता. सेंट अँथनीकडे हरवलेली वस्तू मागायची असते, ज्यूड थॅडियसकडे सगळीकडून निराश झाल्यावर जायचं असतं. प्रत्येकाचं एक काम ठरलेलं असतं. संताची ओळख कामावरून होते.

आजींनी फुलं निवडणं थांबवलं नाही. ‘‘घरातला माणूस लांब गेला की याला सांगायचं. लांब जाणं म्हणजे काय ते याला ठाऊक आहे.’’

‘‘माझा बोटीवर आहे.’’

‘‘मग सांगून ठेव.’’

एवढंच बोलणं झालं. त्यांचा नातू आखातात आहे, हे त्यांनी उठताना सांगितलं.

परतीच्या गाडीत मी आजींचं ते वाक्य पुन्हापुन्हा घोळवत होते, कारण मी वाचलेल्या गोन्सालोच्या चरित्रात मला ते दिसलं नव्हतं. चरित्रं त्याच्या मरणावर जोर देतात. पण त्याचं जगणं पाहिलं तर तो पंधराव्या वर्षी घर सोडलेला मुलगा आहे. परकी भाषा शिकला, हव्या त्या जागी नेमणूक मिळाली नाही, धंदा बदलला, देश बदलला, आणि अखेर भाषेच्याच जोरावर त्याला काम मिळालं. वसईतली, गोव्यातली, नाना पेठेतली किती मुलं आज नेमकं हेच करताहेत! आणि फिलिपिन्समधली तर कितीतरी घरं अशा माणसांच्या पैशांवर चालतात. जगातल्या व्यापारी जहाजांवर फिलिपिनो खलाशी मोठ्या संख्येने असतात, आणि त्यांच्या केबिनमध्ये चिकटवलेला सांतो निन्यो, म्हणजे मुकुट घातलेला बाळ येशू, आंटींच्या मुलाने बोटीगणिक पाहिला आहे. सेबू बेटावरची ती मूळ मूर्ती मॅगेलनने १५२१ साली तिथल्या राणीला भेट दिली होती. तीही बोटीतूनच आलेली.

फिलिपिन्सचा पहिला संतही असाच निघाला. लोरेन्सो रुइझ, मनिलाच्या बिनोंदो वस्तीतला, बाप चिनी, आई फिलिपिनो. सुंदर अक्षराचा लेखनिक, तीन मुलांचा बाप. १६३६ साली खुनाचा आळ आला तेव्हा तो धर्मगुरूंबरोबर जहाजावर चढला. जहाज जपानला जातंय हे त्याला पुरतं ठाऊक नव्हतं असं सांगतात. सप्टेंबर १६३७ मध्ये, गोन्सालोनंतर चाळीस वर्षांनी, त्याच नागासाकीत त्याला हालहाल करून मारलं. पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याला १९८७ साली संत घोषित केलं. त्याच्या आदल्याच वर्षी, फेब्रुवारी १९८६ मध्ये, हे पोप पुण्याला आले होते. आंटी तेव्हा नवी नवरी होत्या आणि गर्दीत पुढे जायला मिळावं म्हणून पहाटेपासून उभ्या होत्या. लोरेन्सोची गोष्ट ऐकून त्यांनी एकच प्रश्न विचारला: त्याच्या तीन मुलांचं पुढे काय झालं? माझ्याकडे उत्तर नव्हतं. रक्तसाक्षींच्या गोष्टीत घरी राहिलेल्यांचं पान नेहमी कोरं असतं. आजींनी आज दुपारी त्या पानावर एक ओळ लिहिली होती.

रात्री उशिरा पुण्यात पोचलो. दुसऱ्या दिवशी आंटींनी गासला मोबाइलवर घेतलेला गोन्सालोचा फोटो छापून आणला. चौकट करून घ्यायला रविवार पेठेत गेल्या आणि येताना मला हाक मारली. फोटोच्या मागे नाव लिहून हवं होतं, देवनागरीत, मोठ्या अक्षरांत. मी लिहिलं: संत गोन्सालो गार्सिया, वसई. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, ‘‘खाली गासपण लिही.’’

वेदीवर जागा कमी होती. झेवियर थोडा डावीकडे सरकला.

त्या आठवड्याच्या शेवटी मुलाचा व्हिडिओ कॉल आला. बोट मनिलाच्या बंदरात नांगरली होती, मागे बोसन रेलिंगला टेकून उभा होता. आंटींनी मोबाइल वेदीसमोर धरला. बोसनने पाहिलं, ओळखलं, छातीवर क्रूसाची खूण केली आणि आपल्या भाषेत भराभर काही बोलला. आंटींना त्यातलं काही कळलं नाही.

‘‘त्याला सांग,’’ त्या मुलाला म्हणाल्या, ‘‘आम्ही याच्या घरी जाऊन आलो.’’

मुलगा वळला आणि बोसनला सांगू लागला.